बँड जातो, गाणे राहते का?
स्वतंत्र रॉक संगीताच्या टिकाऊपणाविषयी कर्जत-खालापुरातून काही निरीक्षणे

‘बँड’वर लेख लिहितो आहे असे आमच्या कर्जत-खालापूर भागात कोणाला सांगितले, तर पहिला प्रश्न येतो तो ‘कोणाचे लग्न?’ असा. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीपुढचा बँड, किंवा त्याहूनही अधिक बेंजो पार्टी. गिटार, बेस, ड्रम घेऊन स्वतःची गाणी स्वतः रचणारा, चित्रपटाचा किंवा मोठ्या कंपनीचा आधार नसलेला चार-पाच जणांचा संच, ज्याला आज ‘इंडी रॉक बँड’ म्हणतात, तो इथल्या तरुणांच्या हेडफोनमध्ये असतो. गावाच्या कानावर तो पडत नाही. हे संगीत वाजते मुंबईत आणि पुण्यात. त्या दोन शहरांना जोडणारा द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि २०१० पासून पुण्यात ‘एनएच-७ वीकेंडर’ हा स्वतंत्र संगीताचा मोठा महोत्सव भरू लागला. मुंबईचे बँड आपली वाद्ये गाडीत घालून तिकडे जातात ते खालापूरच्या टोलनाक्यावरून. टोल भरतात आणि घाट चढतात. आमच्या तालुक्याशी त्यांचा संबंध बहुधा तेवढाच.

हे बँड आणखी चाळीस-पन्नास वर्षांनी कोणी ऐकेल का, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यावरची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. चाहते म्हणतात, ही आमच्या पिढीची गाणी, ती अमरच. वडीलधारे म्हणतात, हा गोंगाट पाच वर्षे पुरणार नाही. दोन्ही उत्तरे आवडीनिवडीतून आलेली आहेत. गाणे टिकते म्हणजे नेमके काय होते, हे आधी ठरवल्याशिवाय या वादात हाती काही लागणार नाही. आणि ते ठरवायला मुंबई-पुण्यापेक्षा मधला हा पट्टा अधिक सोयीचा आहे, असे मला वाटते. कारण इथे कोणाचेही नाव न लावता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गाणी अजून थोडीफार जिवंत आहेत.

टिकणे तीन प्रकारचे

गाणे ‘टिकले’ असे आपण तीन निरनिराळ्या अर्थांनी म्हणतो. पहिला अर्थ, ते जपले गेले. त्याची तबकडी, कॅसेट किंवा फाइल कुठेतरी आहे. दुसरा अर्थ, ते आठवले जाते. ज्यांनी ते ऐन तारुण्यात ऐकले, त्यांना ते साठीतही गहिवर आणते. तिसरा अर्थ, ते उचलले गेले. ज्यांचा मूळ गायकाशी, त्याच्या काळाशी काही संबंध नाही, अशा माणसांनी ते आपले म्हणून गायले किंवा वाजवले.

पहिल्या प्रकारावर फार विसंबून चालत नाही. मायस्पेस या संकेतस्थळावर २००३ पासून जगभरच्या हजारो छोट्या बँडनी आपली गाणी ठेवली होती. २०१९ साली कंपनीने जाहीर केले की सर्व्हर हलवताना २०१५ पूर्वी चढवलेले संगीत नष्ट झाले. तो आकडा काही कोटी गाण्यांचा होता. आज जी गाणी ‘नेटवर कायमची आहेत’ असे आपण समजतो, ती कोणा तरी कंपनीच्या मर्जीवर आहेत. दुसरा प्रकार खरा असतो, पण तो त्या पिढीबरोबर संपतो. माझ्या मते टिकणे हा शब्द तिसऱ्या प्रकारासाठीच राखून ठेवावा. पुढच्या विवेचनात मी तो त्याच अर्थाने वापरणार आहे.

जुना हिशेब

आपल्याकडच्या रॉक बँडना आता चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, त्यामुळे भाकीत करण्याआधी जुना हिशेब तपासता येतो. मुंबईचा ‘रॉक मशीन’ १९८४ साली सुरू झाला. १९८८ मध्ये त्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा आल्बम आला. परक्यांची गाणी हुबेहूब वाजवून दाखवणे हाच मोठेपणा मानला जाण्याच्या त्या काळात हे धाडस होते. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ असे नाव घेतले, १९९७ मध्ये ते थांबले, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा आल्बम काढला. याच काळाला धरून १९८६ पासून धोबी तलावाच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक जलसा होत असे. रंगभवन उघडे नाट्यगृह आणि बोरीबंदर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कार्यक्रम संपल्यावर कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून घरी येता येई. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले संगीत थांबले. २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाले. तिथे ध्वनियंत्रणा उत्तम होती, बँडनाही मान होता. पण ते उपाहारगृह आणि मद्यालय होते. लोकलने येणाऱ्या मुलाचा खिसा तिथे पुरेना. २०१६ मध्ये तेही बंद झाले.

या पहिल्या पिढीचे आज काय उरले? त्या वादकांचे कौशल्य कोणी नाकारत नाही. पुढच्या संगीतकारांना त्यांनी वाट दाखवली, हेही खरे. पण ती गाणी आज कोण गाते, असे विचारले तर उत्तर बहुधा ‘त्या वेळी कॉलेजात असलेले’ असे येते. म्हणजे ती दुसऱ्या अर्थाने टिकली, तिसऱ्या अर्थाने नाही. कारण केवळ इंग्रजी भाषा हे नव्हे. इंग्रजीतले ‘हॅपी बर्थडे’ आमच्या वाड्यावाड्यांत बिनचूक गायले जाते. त्याला एक प्रसंग आहे आणि ते कोणालाही म्हणता येते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्या लागणार आहेत.

घाटावरचे दुसरे इंजिन

याच्या उलट उदाहरण कोलकात्याचे. ‘मोहिनेर घोडागुली’ हा बंगाली बँड १९७५ साली गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या साथीदारांनी सुरू केला. त्यांची गाणी तेव्हाच्या श्रोत्यांना फारशी रुचली नाहीत आणि १९८१ मध्ये बँड मोडला. हिशेब इथेच मिटायचा. पण १९९५ मध्ये गौतम यांनी तरुण बँडना हाताशी धरून गाण्यांचा एक संग्रह काढला आणि बंगालमध्ये एकदम नवा श्रोता उभा राहिला. १९९९ मध्ये गौतम वारले. त्या १९९५च्या संग्रहातल्या एका गाण्याची चाल २००६ च्या ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटात ‘भीगी भीगी’ म्हणून आली आणि बंगाली न समजणाऱ्या कोट्यवधींच्या तोंडी बसली. तीस वर्षांपूर्वी ज्यांना ऐकणारे मिळाले नव्हते, त्यांच्या नावाने आज बंगालमध्ये आद्य बँड म्हणून इतिहास सुरू होतो.

परदेशातही अशी उदाहरणे आहेत. इंग्लंडचा निक ड्रेक हा गायक १९७४ साली तरुणपणीच वारला. त्याचे तिन्ही आल्बम त्याच्या हयातीत अगदी थोडे खपले. १९९९च्या सुमारास एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गाणे वाजले आणि त्या एका जाहिरातीने त्याला नवे श्रोते मिळवून दिले. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की समकालीन यश किंवा अपयश हा टिकाऊपणाचा पुरावा नाही. आज एखाद्या बँडला महिन्याला किती लाख लोक ऐकतात, या आकड्यावरून पुढचे काही कळत नाही.

पण दोन्ही उदाहरणांत आणखी एक गोष्ट सामाईक आहे आणि ती चाहते विसरतात. गाणे आपल्या बळावर वर आले नाही. कोणीतरी ते मागून ढकलले. कर्जतकरांना हे समजावून सांगायला नको. बोरघाटाचा चढ सदतिसास एक असा आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन कितीही दमदार असले तरी कर्जतला थांबून बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडावी लागतात, तेव्हा गाडी लोणावळा गाठते. पिढी बदलणे हा गाण्याच्या वाटेतला घाट आहे. तो चढताना गाण्याला मागून लावणारा लागतो. मोहिनेर घोडागुलीला तरुण बँड मिळाले आणि मग चित्रपट मिळाला. निक ड्रेकला जाहिरात मिळाली. आपल्या मराठीत ‘गीतरामायणा’ला काय मिळाले ते पाहा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती ५६ गीते आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. त्यांचे शब्द वृत्तपत्रांत छापून येत, लोक ते कात्रून ठेवत. फडक्यांनी पुढे आयुष्यभर त्याचे कार्यक्रम केले. आणि आज फडके नसतानाही रामनवमीला गावोगावचे हौशी गायक पेटी-तबल्यावर ते गातात. छापील शब्द, ठरलेला प्रसंग आणि साध्या वाद्यांवर उभी राहणारी चाल, ही तीन बँकर इंजिने त्याच्या मागे आहेत.

धवला आणि बेंजो

आता आमच्या दोन तालुक्यांतल्या संगीताकडे याच दृष्टीने पाहू. आगरी समाजाच्या लग्नांत धवलारीण धवले गाते. मांडवापासून हळदीपर्यंत आणि लग्न लागेपर्यंत विधीच्या प्रत्येक टप्प्याला तिचे गाणे असते. अनेक ठिकाणी लग्न लावण्याचा मानही तिचाच असे. हे धवले कोणी रचले ते कोणालाच ठाऊक नाही. त्यांना वाद्य लागत नाही, मंच लागत नाही. एक बाई म्हणते, बाकीच्या मागून म्हणतात, त्यातली एखादी मुलगी पुढे धवलारीण होते. मी वर सांगितलेल्या अर्थाने याहून टिकाऊ गाणे आमच्या भागात नाही. तरी आज तेच सर्वांत जास्त धोक्यात आहे. लग्न हॉलमध्ये गेले, हळदीला डीजे आला, टप्प्याटप्प्याने चालणारा विधी दोन तासांत उरकला जाऊ लागला. प्रसंग आखडला तसे गाणे आखडले. मागून म्हणणाऱ्या मुली उरल्या नाहीत. शतकभर टिकलेले गाणेही वाहून नेणारे संपले की संपते, हा धडा रॉक बँडच्या चाहत्यांनीही घेण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण बेंजो पार्टीचे. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते वाद्य मुळात जपानी आहे. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणे लावून ‘तैशोगोतो’ नावाचे तंतुवाद्य बनवले. ते भारतात ‘बुलबुल तरंग’ म्हणून आले आणि आमच्याकडे विजेचा आवाज घेऊन ‘बेंजो’ झाले. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्या हाताने तार छेडायची. सोबत ढोल-ताशा, कॅसिओ, ऑक्टोपॅड. लग्न, हळद, गणपती, साखरचौथ, पालखी, कोणताही प्रसंग असो, सुपारी घेऊन पार्टी हजर. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तोवर शहरी रसिकांनी या वादकांकडे कलावंत म्हणून पाहिलेही नव्हते.

‘इंडी’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वतंत्र’. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडने उसने पैसे जमवून आपली तबकडी स्वतःच काढली आणि मोठ्या कंपन्यांवाचूनही रेकॉर्ड निघू शकते हे दाखवून दिले, तेव्हापासून ही चळवळ सुरू झाली असे मानतात. या व्याख्येने पाहिले तर आमची बेंजो पार्टी इंडीच आहे. कंपनी नाही, प्रायोजक नाही. वाद्ये वर्गणीतून, सराव गावच्या देवळापुढे, कमाई सुपारीची. फरक एकच, पण तो मोठा आहे. बेंजो पार्टीला प्रसंग आहे, स्वतःचे गाणे नाही. ती ‘झिंगाट’ वाजवते, कोळीगीते वाजवते, दुसऱ्याने रचलेले वाजवते. इंडी बँडकडे स्वतःचे गाणे आहे, पण त्याला प्रसंग नाही. ते गाणे कधी वाजवायचे? लग्नात नाही, सणात नाही, अंत्ययात्रेत नाही, शेतावर नाही. ते वाजते फक्त ‘कार्यक्रमात’, म्हणजे लोक ते ऐकायला मुद्दाम आले तरच. आणि मुद्दाम येणारा श्रोता वयाच्या तिशीनंतर येईनासा होतो.

बेंजोची कसोटी

या लेखासाठी मी दोन्ही तालुक्यांतल्या काही बेंजोवाल्यांशी बोललो. त्यांना एकच प्रश्न विचारला : कोणते गाणे बेंजोवर बसते आणि कोणते बसत नाही? उत्तर साधारण एकच मिळाले. ज्या गाण्याची चाल शब्दांशिवायही ओळखू येते, ते बसते. ज्याचा सगळा जीव आवाजात किंवा ‘इफेक्ट’मध्ये आहे, ते बसत नाही.

कुठल्याही समीक्षाग्रंथात शोभावी अशी ही कसोटी आहे. गायकाचा आवाज काढा, शब्द काढा, ध्वनिमुद्रणातली सजावट काढा; मागे काय उरते? आजच्या पुष्कळशा इंडी रॉक गाण्यांत मागे फारसे उरत नाही. चाल तीन-चार स्वरांत बोलल्यासारखी फिरते. गाण्याचा परिणाम गिटारच्या पोतावर, प्रतिध्वनीवर, गायकाच्या कुजबुजीवर अवलंबून असतो. तो परिणाम खरा असतो, मलाही तो भावतो. पण तो त्या ध्वनिमुद्रणातच राहतो, दुसऱ्याच्या गळ्यात उतरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. रॉक संगीताचे बळच मुळी ध्वनीच्या पोतात आहे. चालीच्या मापाने ते मोजणे म्हणजे चित्राला व्याकरण लावणे. न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’चा पहिला आल्बम १९६७ साली आला तेव्हा तो फारसा खपला नाही, त्यातल्या कित्येक चाली कोणी गुणगुणतही नाही, तरी पुढच्या दोन पिढ्यांच्या बँडवर त्याचा ठसा आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून टिकण्याच्या वाटा दोन मानाव्या लागतात. एक श्रोत्यांच्या गळ्यातून जाणारी, दुसरी वादकांच्या हातांतून जाणारी. दुसऱ्या वाटेने गाणे टिकत नाही, पण वाजवण्याची रीत टिकते. मात्र त्या वाटेलाही माणसे लागतात. त्या बँडचे ऐकून गिटार हाती घेणारी मुले, त्यांना परवडेल असे वाद्य, सरावाची जागा हवी. न्यूयॉर्क-लंडनमध्ये ती होती. आपल्याकडे ती किती आहे, हा प्रश्न उरतोच.

आजचे काही बँड

आता या दोन कसोट्या आजच्या नावांना लावून पाहू. ‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा बँड १९९० पासूनचा. त्यांचा ‘कंदिसा’ हा आल्बम २००० साली आला. त्याचे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना आहे. ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे लोकगीत, आणि बँडचा राहुल राम नर्मदा आंदोलनात राहिलेला माणूस. २००९ मध्ये या बँडचे आशीम चक्रवर्ती वारले, २०१३ मध्ये गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडले. नवी माणसे आली आणि बँड गात राहिला. माणसे बदलूनही गाणे उभे राहते, याचा अर्थ ते एका माणसाच्या गळ्यावर टांगलेले नव्हते. त्यातली काही गाणी टिकतील असे मी खात्रीने म्हणेन. पण त्यातल्या दोन ठळक गाण्यांना बँडच्या आधीची काही शतके पाठीशी होती, हेही त्याबरोबर म्हटले पाहिजे.

मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हाच प्रश्न अधिक टोकदार करतो. अभंगांना रॉक आणि इतर वाद्यमेळाचा साज चढवून हे तरुण गातात आणि अभंगाकडे एरवी न फिरकणारी मुले ते ऐकतात. पण टिकणार कोण? अभंगाला वारी आहे, एकादशी आहे, भजनी मंडळ आहे. तो बँडशिवाय सुमारे सात शतके चालत आला आहे. त्याला बँडची गरज नाही, बँडला त्याची आहे. या बँडने लावलेली एखादी चाल खोपोलीच्या किंवा कशेळ्याच्या भजनी मंडळाने उचलली आणि मूळ कोणाची हे विसरून गायली, तर त्या दिवशी तो बँड टिकला असे म्हणता येईल. ही मला शक्य कोटीतली गोष्ट वाटते, कारण भजनी मंडळे चाली उचलण्यात कधीच संकोच करत नाहीत. चित्रपटातल्या चालींवर अभंग बसवण्याची सवय त्यांना फार जुनी आहे.

‘द लोकल ट्रेन’ हे नाव आमच्याकडच्या मुलांना आपलेच वाटते, बँड जरी उत्तरेकडचा असला तरी. २०१५ चा ‘आलस का पेड’ आणि २०१८ चा ‘वाकिफ’ हे त्यांचे दोन आल्बम. २०२२ मध्ये मुख्य गायक रमण नेगी बाहेर पडला. त्यांची काही हिंदी गाणी मी कॉलेजच्या मुलांना साध्या गिटारवर, गायकाची नक्कल न करता गाताना ऐकली आहेत. चार सोपे कॉर्ड, ओळखू येणारा ध्रुवपदाचा उठाव, सगळ्यांनी मिळून म्हणता येईल अशी ओळ. ही बेंजोच्या कसोटीला उतरणारी गाणी आहेत. प्रसंगही त्यांना मिळाला आहे : वसतिगृहातली रात्र, सहलीतली शेकोटी. लहान प्रसंग, पण दरवर्षी नव्या मुलांना येणारा. माझा कयास असा की या बँडचे नाव मागे पडेल आणि दोन-तीन गाणी ‘कोणाची कोण जाणे’ म्हणून राहतील. गाण्याच्या दृष्टीने तो सर्वोच्च मान आहे; बँडला तो मान वाटेल की नाही, हे मी सांगू शकत नाही.

बाकीचे बहुसंख्य बँड, विशेषतः इंग्रजीत गाणारे आणि ध्वनीच्या पोतावर भर देणारे, माझ्या मते आपल्या पिढीच्या आठवणीत राहतील आणि तिच्याबरोबर जातील. त्यांचे संगीत कमअस्सल आहे असा याचा अर्थ नाही. पुष्कळ उत्तम नाटके अशीच आपल्या प्रेक्षकांबरोबर गेली.

मराठी रॉक कुठे आहे?

या यादीत मराठीत स्वतःची गाणी रचणारा, सर्वांना ठाऊक असलेला रॉक बँड नाही. पुण्याचा ‘अग्नी’ नावारूपाला आला तो हिंदी गाण्यांवर. मराठी शब्द नव्या संगीतात शिरले ते रॅपमधून आणि ‘तांबडी चामडी’सारख्या नृत्यसंगीतातून, रॉकमधून नाही. यामागे भाषेचा दोष शोधण्यात अर्थ नाही. ज्या भाषेत ओवी जात्यावर चालते आणि पोवाडा डफावर, तिला ड्रमवर चालायला अडचण कसली? अडचण खर्चाची आहे. रॅप करायला एक मोबाइल पुरतो. रॉक बँडला ड्रमचा संच, दोन-तीन अँप्लिफायर, आठवड्यातून दोनदा मोकळे असणारे चार-पाच जण आणि शेजारी तक्रार करणार नाहीत अशी जागा लागते. मुंबईच्या मुलाला सरावखोली तासावर भाड्याने मिळते. खोपोलीच्या मुलाला ती मिळवायला डोंबिवली-ठाण्याकडे जावे लागते.

पण नीट पाहिले तर हे सगळे साहित्य आमच्या गावांत आधीपासून आहे. बेंजो पार्टीकडे अँप्लिफायर आहेत, तालवाद्ये आहेत, एकत्र वाजवण्याची सवय आहे, सरावाची जागा आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्षभराचे प्रसंग आहेत. तिच्याकडे नाही ते स्वतःचे गाणे. आणि ती वेळही फार उरलेली नाही. एका टेम्पोत मावणारा डीजे दहा-पंधरा वादकांपेक्षा स्वस्त पडतो. सुपाऱ्या त्याच्याकडे वळत आहेत, आणि तरुण वादक कारखान्यांत, गोदामांत, मुंबईकरांच्या फार्महाउसांवर कामाला लागत आहेत. त्या फार्महाउसांवर शनिवारी रात्री मोठमोठे स्पीकर लागतात, आणि बाहेर दिवा धरून उभा राहणारा कधी कधी गणपतीत बेंजो वाजवणारा असतो.

म्हणून ‘आजचे बँड टिकतील का’ या प्रश्नाच्या पोटात मला दुसराच प्रश्न दिसतो. गाणे उचलणारी माणसे आपल्याकडे उरणार आहेत का? धवलारणीच्या मागून म्हणणाऱ्या मुली गेल्या, बेंजोवाले चालले, भजनी मंडळांत पिकली डोकी दिसू लागली. हे सगळे गेल्यावर गाण्याला कान मिळतील, पण गळा आणि हात मिळणार नाहीत. मग इंडियन ओशन काय, लोकल ट्रेन काय, उद्याचा एखादा अस्सल मराठी बँड काय, सगळ्यांचे नशीब सारखेच : फाइल शिल्लक, गाणे नाही.

यावर उपाय मोठा नाही. आमच्या भागातल्या गणेशोत्सव मंडळांनी वर्षातून एक संध्याकाळ बेंजो पार्टीला एक अट घालून द्यावी. एक गाणे स्वतःचे हवे, शब्द मराठीत किंवा आगरीत किंवा ठाकरीत, आणि ते कागदावर छापून लोकांना वाटलेले हवे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ज्यांना रॉक बँड काढायचा आहे त्यांनी गावातला एक बेंजोवाला सोबत घ्यावा. इंडी बँडच्या गाण्याला प्रसंग मिळेल, बेंजोला गाणे मिळेल. दहा गाण्यांतली नऊ त्याच रात्री विसरली जातील. त्याला हरकत नाही. धवल्यांच्या काळातही तसेच झाले असणार. उरलेले एक गाणे पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या पार्टीने आपणहून वाजवले, की या लेखातल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजावे.